कडुलिंबाखालची वाट

नळाच्या वाटेवर कडुलिंब होता. वैशाखात त्यावर कावळीनं घर केलं. एक पिल्लू खाली पडलं, ते सुलाबाईनं मांजराच्या भीतीनं उचलून कुंपणावर ठेवलं. कावळीला ते कसं कळावं? दुसऱ्या सकाळी मागून येऊन तिनं सुलाच्या टाळूवर चोच मारली.

सासू भिमाबाईनं जखमेवर हळद दाबली. "पाटी घेऊन जात जा डोक्यावर. पिल्लं उडेस्तोवर ती कुनाचं ऐकायची नाय."

"घेईन. पण तुमचं तोंड का उतरलं, आत्या?"

"कावळा डोक्याला लागला, बाई. माहेरी मेल्याचा सांगावा धाडावा लागतो. तिथं कुनी रडलं की मरान टळतं. मग खरं सांगायचं."

सुला हसली. "माझ्यासाठी रडायला कोण बसलंय तिकडं?"

मनानं लग्न केलं म्हणून सिन्नरकडच्या माहेरानं तिला टाकलं होतं. भाऊ बारकू एकदाही दारात आला नव्हता. दर भाऊबीजेला सुला ताट करायची आणि अंगणात जाऊन चंद्राला ओवाळून यायची.

भिमाबाईनं तरी बूथवरून फोन केलाच. खरं सांगायच्या आत तिकडून ठेवला गेला.

दुपारी जीप थांबली. बारकू उतरला, काखेत हिरवं पातळ. सवाष्ण गेली की माहेराकडून येतं, ते. ओट्याशीच तो खाली बसला. "अक्के, लय उशीर केला गं मी."

सुला दाराआड होती. तिनं लगेच बाहेर यायला हवं होतं. पण ती ऐकत राहिली, तहानलेल्यासारखी. मग तांब्याभर पाणी घेऊन आली.

बारकू बघतच राहिला. भिमाबाईनं चाचरत कावळ्याचं सांगितलं. त्यानं डोळे पुसले.

"पाणी पी, बारकू."

"येताना सगळं विसरलो होतो," तो म्हणाला. "आता परत आठवाया लागलं."

पातळ ओट्यावर ठेवून तो सडकेकडं चालू लागला. तांब्या तसाच राहिला.

सांजेला भिमाबाईनं पाटी पुढं केली.

"आत्या, कावळी किती दिवस राग धरते हो?"

"पिल्लं उडाली की विसरती."

सुलानं पाटी घेतली नाही. हिरव्या पातळाची घडी डोक्यावर धरली, कळशी कमरेला घेतली आणि कडुलिंबाखालून निघाली.