खांबामागची रांग

"कुणाला सांगितलं तर पटणार नाही, पण अख्ख्या मैदानात सगळ्यात भारी जागा हीच," असं म्हणत ओरेस्तने हातातल्या लोकरी मोज्याने खुर्ची पुसली. चव्वेचाळीस वर्षं तो या बेसबॉलच्या मैदानात लोकांना जागा दाखवत आणि खुर्च्या पुसत आला होता.

डेल्फीन प्रुइट बसली आणि तिच्या नाकासमोर हिरवा लोखंडी खांब आला. चेंडू फेकणारा दिसेना, टोलवणारा दिसेना. दिसत होतं ते उजव्या कोपऱ्यातलं गवत आणि त्यावर कंटाळून उभा असलेला एकच खेळाडू.

"अहो, इथून काहीच दिसत नाही!"

"मग? त्याचेच तर पैसे आहेत," शेजारची बर्निस शेंगा फोडत म्हणाली. "आणि खांबाआडून बाहेर डोकावायचं नाही हं. डोकावलात, तर सगळ्या रांगेला सरबत पाजावं लागेल. ही खुर्ची आमच्या क्लेटची, त्याचा गुडघा दुखावला म्हणून तुम्हाला जागा तरी मिळाली."

डेल्फीनला संघाच्या नव्या मालकाने पाठवलं होतं. संघ ओळीने अकरा सामने हरला होता. समोरच्या मोकळ्या, छान जागा ओस होत्या आणि खांबांमागच्या चाळीस खुर्च्या मात्र हंगामाआधी, हिवाळ्यातच विकल्या गेल्या होत्या. हे असं का, ते तिला सोमवारी लिहून द्यायचं होतं. कारण पटलं नाही, तर हे शंभर वर्षांचं मैदान पाडून हमरस्त्याला लागून नवं, बिनखांबाचं बांधणार होते. ओरेस्तला ते ठाऊक होतं. तिची खुर्ची त्याने दोनदा पुसली होती.

तो पायरीवर उभा राहिला. तिथून त्याला सगळा खेळ दिसत होता.

दुसऱ्या डावात टाळ्या झाल्या.

"काय झालं रे?" मागून कुणीतरी विचारलं.

"आपल्या फिन्नीने एवढ्या जोरात चेंडू फेकला," ओरेस्त शांतपणे म्हणाला, "की त्याची कवळी निघाली. दोन्ही बरोबरच पोचले. टोलवणाऱ्या बावळटाने चेंडू सोडला आणि कवळी टोलवली."

"मग बाद की नाबाद?"

"अंपायर नियमांचं पुस्तक मागवतोय."

डेल्फीनने पेन्सिल रोखली. "काका, मला इथे खरी कारणं लिहायची आहेत."

"लिहा ना. कवळी गेली तिकडे, उजव्या कोपऱ्यात."

तिने पाहिलं. तो एकटा खेळाडू खरंच वाकला. गवतातून काहीतरी उचलून त्याने मागच्या खिशात टाकलं.

डेल्फीनने कागदावरचा एक शब्द खोडला. नवा लिहिला नाही.

पुढे चौथ्या डावात म्हणे एका खेळाडूची सासू मैदानात उतरली. पाचव्यात चेंडू झेलणारा कॅचर उभ्या उभ्या झोपला. बर्निसने शेंगांची पिशवी डेल्फीनच्या मांडीवर ठेवली. टरफलं अहवालाच्या कागदावर पडत राहिली.

सातव्या डावात रिवाजाप्रमाणे सगळे हातपाय ताणायला उभे राहिले. डेल्फीनही उठली. एक पाऊल बाजूला टाकलं असतं, तर सगळं मैदान दिसलं असतं. बर्निस तिच्या पायांकडे बघत होती. ओरेस्तने मोजा हातातून काढला, घडी घातली, पुन्हा चढवला.

डेल्फीन होती तिथेच परत बसली.

आठव्या डावाला ओरेस्तने घसा साफ केला. पण आनंदाच्या भरात त्याचं भान सुटलं असावं. "आता फिन्नी पुन्हा चेंडू फेकायला आलाय. घाई नाही बुवाला. सूर्यफुलाच्या बिया दातांनी सोलतोय, सालं थुंकतोय..."

"खोटं!" डेल्फीन ओरडली. अख्खी रांग वळून बघायला लागली. "साफ खोटं! दात कुठून आले त्याला? कवळी त्या कोपऱ्यातल्याच्या खिशात आहे. खिसा अजून फुगलेला आहे, मी दुसऱ्या डावापासून त्याच्यावर नजर ठेवून आहे!"