वाघनखीचं फूल

बहिणीच्या बरणीतलं वाघनखीचं पांढरं बी व्हर्नाने यंदा सगळंच्या सगळं पेरून टाकलं. शहाणी बाई मूठभर मागे ठेवते. पण बहीण गेल्यापासून व्हर्नाचं कशातच लक्ष नव्हतं.

दोघी बहिणींच्या टोपल्यांवरची काळी नक्षी याच झाडाच्या वाळक्या शेंगांच्या धाग्यांनी विणायची. रानातली वाघनखी कुचकामी. तिची शेंग आखूड, धागा तुटका, आणि फूल मात्र पिवळंजर्द. घरच्या लांब शेंगेचं फूल फिकट, पानाआड लपलेलं. यंदा पावसाचा लोंढा रानातलं बी घेऊन शेतात शिरला आणि दोन्ही एकमेकांत उगवली.

दुपारी ती दवाखान्यातून उपचार घेऊन, थकून परतली, तर मुलगा डेल्बर्ट शेताच्या कडेला उभा. रात्रपाळी करून आलेला, घामाने निथळणारा, खुशीत.

"आई, डोळे मीट!"

"या उन्हात मिटले तर परत उघडायचे नाहीत, बाबा. काय ते बोल."

"सगळं तण उपटलं. एवढी मोठी पानं, आणि फूल बघशील तर एक नाही मेल्याला! मावशीची फुलं तेवढी ठेवली."

शेतात जिकडेतिकडे पिवळंच पिवळं. कुंपणाशी उपटलेल्या झाडांचा ढीग वाळत पडलेला. ओरडावं एवढंही त्राण व्हर्नात नव्हतं.

"छान केलंस," ती म्हणाली.

"मग! उठता-बसता आळशी म्हणतेस मला. यंदा बीसुद्धा मीच धरणार. पोरींनाही दाखवतो, मावशीचं फूल कसं ओळखायचं ते."

आता गप्प बसून चालणार नव्हतं. नातींच्या गळ्यात खोटं कसं बांधायचं? तिने ढिगातून एक मलूल फांदी ओढली, पान उचललं आणि खालचं सुकलेलं पांढुरकं फूल त्याच्यापुढे धरलं.

"हे तिचं. ती पिवळी रानातली."

डेल्बर्टचा चेहरा खर्रकन उतरला. तो गुडघ्यांवर बसला आणि ढिगातलं एकेक झाड उलटून पाहू लागला.

"एखादी शेंग असेल ना गं? हिरवी का होईना?"

फुलंच आत्ता कुठे धरली होती, शेंग कुठली असायला? त्याची समजूत घालावी असं तिला फार वाटलं. पण अंगात बळ नव्हतं.

"बघ," ती म्हणाली आणि सावलीला जाऊन बसली.