बरणीतली साखर

दोघी बहिणींतल्या धाकटीच्या नवऱ्याची सगळी नोकरी रंगाच्या कारखान्यात गेली. कुणी जुन्या दाराचा टवका आणायचं, कुणी पडद्याचा तुकडा, आणि हा डब्यात थेंब थेंब रंग सोडून हुबेहूब तोच रंग जुळवून द्यायचा. निवृत्त झाला आणि हात रिकामे पडले. पाईप तो आधीपासूनच अधूनमधून ओढायचा. एके दिवशी त्याच्या डोक्यात आलं की बाजारातले तयार डबे आणण्यापेक्षा तंबाखूही आपणच घरी मिसळावी. धाकटीने मनात म्हटलं, बरंच झालं, निदान दिवसभर माझ्या पायात पायात तरी करणार नाही.

ती घरी केक करून द्यायची. ऑर्डरी बऱ्यापैकी असायच्या. स्वयंपाकघर म्हणजे तिचं दुकान होतं, आणि नवऱ्याने नेमकं तिथेच बस्तान मांडलं. पिवळी पातळ पानं, तपकिरी कोरडी पानं आणि वाफवून दाबलेली काळी तंबाखू अशा तीन तऱ्हा तो आणायचा. मग त्यांवर मधाचं पाणी शिंपडायचं, रम शिंपडायची, उकडलेल्या आलुबुखारांचा रस घालायचा, वाफ द्यायची, फळीखाली दाबून ठेवायचं, चिरायचं आणि बरण्यांत भरून मुरवायचं. व्हॅनिला तिची, चाळणी तिची, वाफेचं भांडंही तिचंच.

पहिल्या पहिल्यांदा वास खरंच छान यायचा, हे ती स्वतः कबूल करायची. जळताना खोलीत गरम दुधासारखं काहीतरी दरवळायचं. पण दरवळ तासाभराचा आणि मागे राहिलेलं चोवीस तासांचं. सकाळी पडद्यांतून, उशांच्या अभ्र्यांतून, तिच्या ओल्या केसांतून एक शिळा, गोडमिट्ट, चिकट वास उठायचा. जणू कुणीतरी राखेत पाक सांडून ठेवला होता. पाईप ओढताना नवरा नळीतून गुळगुळ आवाज काढायचा, मग पाईप उलटा झटकायचा आणि तपकिरी थेंब फरशीवर पडायचे. नळी साफ करायची लोकर गुंडाळलेली तार तो आत खुपसायचा आणि बाहेर काढायचा तेव्हा ती काळी, ओली, चिकट असायची. ती तार तो ठेवायचा तिच्या चहाच्या बशीत. बशी कितीही घासली तरी तिला त्या बशीतून चहा पिववेना. शेवटी तिने ती बशी कुंडीखाली सरकवून टाकली.

एकदा शेजारच्या गल्लीतल्या शिक्षिकेने लेकीच्या वाढदिवसाचा केक कापल्यावर तासाभरात परत पाठवला. बाई भल्या होत्या, निरोपही सौम्य दिला. लेक म्हणत होती की केकला आजोबांच्या कोटाचा वास येतोय. धाकटीने केक टेबलावर ठेवला, एक तुकडा तोंडात घातला आणि तसाच थुंकला. आपल्या हातच्या पदार्थाची किळस यावी यापेक्षा मोठा अपमान तिला माहीत नव्हता. त्या दिवशी तिने नवऱ्याचं सगळं सामान उचलून मागच्या धुण्याच्या खोलीत नेऊन टाकलं आणि बजावलं की पुन्हा ओट्याला, भट्टीला हात लावायचा नाही. तो हो म्हणाला. हो म्हणायला त्याचं काय जात होतं.

रविवारी थोरली बहीण आणि तिचा नवरा यायचे. थोरलीचा नवरा रेडिओवर बातम्या द्यायचा. निवृत्त झाला तरी सगळे त्याला निवेदकच म्हणायचे. आवाज असा की त्याने मीठ मागितलं तरी काहीतरी महत्त्वाचं घडलंय असं वाटावं. दोघे साडू खिडकीशी बसायचे. धाकटीचा नवरा आठवड्याची नवी बरणी उघडायचा, साडूचा पाईप स्वतः भरून द्यायचा, आणि मग निवेदक डोळे मिटून पहिला झुरका घेईपर्यंत हातातली काडी विझल्याचंही त्याला भान नसायचं.

निवेदक धूर सोडायचा, जरा थांबायचा आणि म्हणायचा, ह्यात दुपारची फळबाग आहे. किंवा, ह्यात लाकडी कपाट उघडल्याचा भास होतो. धाकटीच्या नवऱ्याचा चेहरा असा फुलायचा की धाकटीला नजर दुसरीकडे वळवावी लागायची. आठवडाभर तो त्या एका वाक्यावर जगायचा. सोमवारी दाढी करताना आरशाला ऐकवायचा.

निवेदकाचा वाढदिवस जवळ आला तेव्हा धाकटीच्या नवऱ्याने खास मिश्रण करायला घेतलं. आलुबुखार आणि रम, पण नेहमीपेक्षा दाट, असं त्याचं म्हणणं. रस भरपूर घातला, मध भरपूर घातला, पुरेसं वाळवलं नाही आणि मोठी बरणी गच्च झाकण लावून गिझरखालच्या उबेत ठेवून दिली.

धाकटी एका दुपारी धुण्याच्या खोलीत आपलं मोठं पातेलं शोधत होती. पातेल्यात ती बरणी बसवलेली होती. तिने बरणी उचलली, काचेतून काहीतरी पांढरं दिसलं म्हणून झाकण फिरवलं. आत तंबाखूवर करडा मऊ कापूस पसरला होता, आणि त्याच्या मुळाशी हिरवट, ओलसर ठिपके. ओल्या गोणपाटाचा आणि न धुतलेल्या मोज्यांचा वास एकदम नाकात शिरला, वरून त्याला रमचा गोड लेप. तिने बरणी लांब धरूनच नवऱ्याला हाक मारली.

"ही बुरशी आहे," ती म्हणाली.

त्याने चष्मा लावून बघितलं. "बुरशी नाही. मुरलेल्या तंबाखूवर साखर फुलते. जाणकार लोक तर ह्याची वाट बघत असतात."

"साखरेला केस येत नाहीत."

त्याने बरणी तिच्या हातातून घेतली. मग टाकून देतो म्हणाला. तिने हात दोनदा साबणाने धुतले आणि उरलेलं काम करायला गेली.

दुसऱ्या दिवशी ती एक केक पोचवून परत आली, तर दारातच तो वास. भट्टी गरम होती. तिने दार उघडलं तेव्हा आत तिच्याच ट्रेवर, तिच्याच केकच्या कागदावर तंबाखू पसरून वाळत ठेवलेली होती. मोरीत काटा पडला होता आणि त्याच्या दातांत करडे हिरवे धागे अडकले होते; वरची बुरशी त्याने काट्याने वेचून काढली होती. रमची बाटली ओट्यावर उघडीच. नवरा म्हणाला की एवढ्या आचेत सगळं मरतं, वरून परत रम मारली की कुणाच्या बापाला कळणार नाही. असं अगदी सहज म्हणाला. इतक्या महिन्यांची ओली तार, थेंब, थुंकी तिने कशीबशी गिळली होती. पण हे वाक्य तिला गिळता येईना. तिने ट्रे त्याच्या हातात दिला आणि सांगितलं की हे सगळं कचऱ्यात गेलं पाहिजे, ट्रेसकट. मग ती संध्याकाळपर्यंत भट्टी खरवडत बसली. सोड्याने तिची बोटं सोलवटली. आतल्या कोपऱ्यांत अजून काहीतरी आहे असंच तिला वाटत राहिलं.

रविवारी थोरली आणि निवेदक आले. नवऱ्याने फीत बांधलेला एक चपटा डबा साडूच्या हातात ठेवला आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. निवेदकाने झाकण उघडलं. रम, आलुबुखार, आणि त्यांच्या खाली, अगदी खाली, ओलं गोणपाट. धाकटी दारात उभी होती तिथपर्यंत तो वास पोचला. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो काडेपेटीतली काडी निवडण्यात गुंतला होता.

"भावोजी, ती नका ओढू," ती म्हणाली. "ती खराब झालेली आहे."

नवरा हसला आणि साडूला म्हणाला की हिला वासाचंच वावडं आहे, हिचं काही मनावर घेऊ नका. निवेदकाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा साडूकडे. मग पाईप पेटवला, डोळे मिटले आणि नेहमीपेक्षा जरा जास्त थांबला. म्हणाला, ह्यात जुनं तळघर आहे, त्यात फळं मांडून ठेवलेली. धाकटी आत गेली. थोरलीला तिने ओट्याशी सगळं सांगितलं. थोरली म्हणाली की अगं, दाराबाहेर पडलं की फेकून द्या म्हणून सांगते ह्यांना, पण ह्यांना कुठे कुणाचं मन मोडवतं.

मन मोडवलं नाही ते नाहीच. निवेदक आठवडाभर तीच तंबाखू ओढत राहिला. आधी घसा धरला, मग खोकला, मग ताप. खोकला असा की थोरलीला बादली हाताशी ठेवावी लागायची; जे पडायचं ते तिने धाकटीला फोनवर सांगितलं आणि धाकटीने हातातला पीठ फेटायचा चमचा खाली ठेवला. आवाज पार बसला. शेवटी दवाखान्यात दाखल करावं लागलं.

दोघं भेटायला गेले तेव्हा डॉक्टर खाटेशीच उभे होते. छातीत सूज आहे म्हणाले; अलीकडे कुठे ओलीत, धुळीत गेला होता का, काही कुजकं, बुरसटलेलं नाकातोंडात गेलं का, असं विचारत होते. थोरली धाकटीकडे बघत राहिली. आणि धाकटीचा नवरा आपणहून पुढे होऊन म्हणाला की हवा फार बदलली आहे हल्ली, सगळ्यांनाच होतंय.

धाकटीला त्याच्या शेजारी उभं राहवेना. ती खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि तिने सरळ सांगून टाकलं: बुरशी आलेली तंबाखू, वरची बुरशी वेचून, भट्टीत वाळवून, रम मारून ह्यांनी ओढायला दिली. डॉक्टरांनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, पेन उघडून काहीतरी टिपलं आणि पुढच्या खाटेकडे गेले.

नवऱ्याची मान खाली गेली. तो माफी मागेल असं धाकटीला वाटलं. तेवढ्यात निवेदकाने हात हलवून सगळ्यांना जवळ बोलावलं. त्या आवाजाचं आता नुसतं खरखरणं उरलं होतं.

"मला पहिल्याच झुरक्याला कळलं होतं," तो म्हणाला.

"मग ओढलीत कशाला?" धाकटीने विचारलं.

"त्याचं तोंड बघितलं होतंस ना, पाईप भरताना?" दम खाऊन तो पुढे म्हणाला, "आणि खरं सांगू का, मला सगळ्याच सारख्या लागायच्या. गोड आणि कडू."

धाकटीच्या नवऱ्याने मान वर केली. चेहरा लाल झाला होता.

"म्हणजे ती फळबाग?" तो म्हणाला. "ते लाकडी कपाट? दर रविवारी तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोलत होतात?"

त्याला राग आला होता, खराखुरा राग. खाटेवरच्या माणसाच्या छातीत शिट्ट्या वाजत होत्या आणि हा आपली फसवणूक झाली म्हणून थरथरत होता. निवेदक उशीवर पडल्या पडल्या ओशाळून हसत होता, जणू चूक त्याचीच होती. धाकटीने एकदा ह्याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. एकाने कुजलेलं खाऊ घातलं, दुसऱ्याने ते मिटक्या मारत खाल्लं, आणि दोघांनीही त्याला प्रेम म्हटलं. दवाखान्याच्या फिनेलच्या वासातसुद्धा तिला तो गोडमिट्ट ओला वास आला आणि ती बाहेर जाऊन बाकावर बसली.

थोरली मागोमाग आली. बाकावर टेकली. मग म्हणाली, "डबा रिकामा आहे गं. मी काल फेकायला गेले, तर तळाला चिमूटसुद्धा नव्हती. चाटूनपुसून संपवली त्यांनी."



निवेदक बरा होऊन घरी आला. आवाज मात्र पूर्वीचा परत आला नाही; आता तो मीठ मागतो तेव्हा नुसतं मीठच मागतो. धाकटीच्या नवऱ्याने बरेच रविवार त्याला बोलावलंच नाही. साडूने आपल्याला तोंडघशी पाडलं, हेच तो धरून बसला होता. धाकटीने त्याला समजावायचा प्रयत्नही केला नाही. तिने भट्टी, ट्रे, पातेली एका रिक्षात घातली आणि थोरलीच्या स्वयंपाकघरात नेऊन मांडली. नवऱ्याने विचारलं की आता ह्या घरात काय करायचं. ती म्हणाली, मिसळा की, आता सगळी जागा तुमचीच आहे. पदार्थ ती तिकडेच करते. घरी तो चहा करून देतो, तोही ती घेत नाही.

एके दिवशी ती केकवर साय फेटून लावत होती तेव्हा थोरली बाहेरून आली आणि पिशवी ठेवता ठेवता म्हणाली की दोघे साडू परत बसायला लागलेत.

"कुठे?"

"तुझ्याकडेच, खिडकीशी. तो नवी बरणी उघडतो, हे ओढत नाहीत आता, डॉक्टरांनी बंदच केलंय. नुसती हुंगतात."

"आणि काय म्हणतात?"

थोरलीने पदराने हात पुसले. "काय म्हणणार? छान म्हणतात."

धाकटीने सुरी गरम पाण्यात बुडवली, पुसली आणि केकची कड सारखी करायला घेतली.