खालच्या फांदीवरचं पान

"आता तुमच्या रिटायरमेंटचं कार्ड कोन बनवन, सांगा," शामसुंदर म्हणाला आणि चहाचा रिकामा कागदी कप त्यानं मुठीत चुरगाळला.

भैयालाल गजभिये पोलाद कारखान्यातल्या मशीन शॉपच्या रेस्टरूममध्ये बाकावर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होता. भिंतीवर सुरक्षेचं पोस्टर होतं आणि ते त्यानं कितीतरी वर्षं पाहिलेलं होतं.

"मी तुमच्यासंग बोलून राहिलो भैयालालभाऊ."

"आयकलं मी. बिना कार्डाचा जातो मंग. काय होते?"

"कावून? साऱ्या शॉपले तुमी कार्ड देल्लं, अन् तुमीच बिना कार्डाचे जान? आमची काही इज्जत हाय का नाही?"

"मंग तू बनव."

"मले कागदाचं विमान नाही जमत," शामसुंदर हसला आणि लगेच गप्प झाला. भैयालालसमोर हसावं की नाही, हे त्याची बायको रुक्मा गेल्यापासून मशीन शॉपमध्ये कोणालाच कळेनासं झालं होतं.

"बरं," भैयालाल म्हणाला, "बनवतो मीच." ओव्हरटाइमला थांबतो म्हणावं, तसंच म्हणाला.

या मशीन शॉपमध्ये रिटायर होणाऱ्या माणसाला शाल-श्रीफळ मिळतं, कंपनीचं घड्याळ मिळतं आणि भैयालालचं कार्ड मिळतं. घड्याळ कोणी हाताला बांधलेलं आठवत नाही. कार्ड मात्र लोक घरी शोकेसमध्ये उभं करून ठेवतात. उभं करून, कारण ते उघडलं की आतून झाड वर येतं. जाड कार्डशीट मधोमध दुमडायची, घडीवर दोन चिरा द्यायच्या, मधली पट्टी आत ढकलायची आणि तिच्यावर कापलेलं पिंपळाचं झाड चिकटवायचं. झाडाला फांद्याच फांद्या, पान एकही नाही. पानं शॉपमधली माणसं देतात. हिरव्या शाईत अंगठा बुडवून ज्यानं त्यानं फांदीवर उठवायचा. मग भैयालाल बारीक पेनानं प्रत्येक अंगठ्याला पिंपळाचं लांब शेपूट ओढतो, की झालं पान.

खालच्या फांदीचं बुंध्याजवळचं टोक तेवढं मोकळं ठेवायचं. तिथं पेन्सिलीचा एक गोल असतो. ती वहिनींची जागा. रिटायर होणारा माणूस आणि त्याची बायको हार घालून खुर्च्यांवर बसतात, भाषणं होतात आणि सगळ्यात शेवटी ती बाई त्या गोलात अंगठा लावते. टाळ्या पडतात. इतकी वर्षं ज्यांनी डबे भरले, त्यांना त्या शॉपमध्ये तेवढाच एक मान.

घरी हा सगळा पसारा मांडला, की रुक्माचं एक काम ठरलेलं असे. निळ्यात पिवळा मिसळून हिरवा केला, की तो कागदावर कसा दिसतो ते बघायला अंगठा लागायचा. भैयालालचे स्वतःचे अंगठे ग्रीसनं काळवंडलेले. मग तो हाक मारायचा आणि रुक्मा पदराला हात पुसत यायची, रद्दी कागदावर अंगठा उठवायची. तिचा अंगठा म्हणजे नुसता गुळगुळीत ठिपका. माहेरी, तुमसरकडच्या खेड्यात, लहानपणापासून विड्या वळल्या होत्या तिनं. अंगठ्यावरच्या रेषा तिथंच राहिल्या. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा कधी उठला नाही. रांगेतले लोक मागून कुरकुरायचे, दुकानदार म्हणायचा, "जरा जोर से दबाओ बाई," आणि ती घरी आल्यावर भांडी जरा जास्तच आपटायची.

"मशीन म्हनते मी हायच नाही," एकदा ती म्हणाली होती.

"मशीनले काय समजते?" भैयालालनं रद्दीवरच्या तिच्या ठिपक्याला शेपूट ओढलं, मग आत मधली शीर आणि बाजूच्या शिरा काढल्या. "बाकीच्यायच्या पानावर आयत्याच रेषा असतात. तुया पानाले मले काढा लागते. पाहाय, कोनाचं चांगलं दिसून राहिलं?"

"राहू द्या. रद्दीवर चांगलं दिसून काय करू? तुमच्या कार्डावर मी लाल साडी नेसून अंगठा लावीन, सांगून ठेवते. तवा सारे पाह्यतीन."

मग तो खोबरेल तेलाची चिंधी घेऊन तिचा अंगठा पुसून द्यायचा. हिरवा अंगठा घेऊन कणकेला हात लावता येत नाही, म्हणून. कारण एवढंच होतं, पण पुसायचा मात्र तोच.

लाल साडी आणून ठेवली होती. होळीच्या आठवड्यात तापाचं निमित्त झालं आणि रुक्मा गेली. भैयालाल रडला नाही. नातेवाईक म्हणाले, रड बाप्पा, मोकळा हो. त्यानं प्रयत्नही करून पाहिला, पण आत काही हललंच नाही. पुढच्या आठवड्यात तो ड्यूटीवर गेला. जेवत होता, झोपत होता, रेडिओ लावत होता. सेक्टर दोनच्या क्वार्टरवरून भट्टीतला वितळलेला स्लॅग ओतल्याचा तांबडा उजेड आभाळात चढायचा, तो बघत अंगणात बसत होता. आपल्याला काहीच कसं वाटत नाही, याचंही त्याला फारसं काही वाटत नव्हतं.

रविवारी त्याची लेक करिष्मा रिसालीतल्या तिच्या घरून डबा घेऊन आली, तेव्हा तो टेबलाशी बसून कार्डशीट दुमडत होता. नखानं घडी दाबली, चिरा दिल्या, झाड उभं केलं. जुन्या चपलेच्या तळव्यातून कोरलेला चिमण्यांचा ठसा त्यानं कार्डाच्या दर्शनी बाजूवर उठवला आणि कापसाच्या बोळ्यानं मागचं आभाळ तांबडं केलं.

"बाबा, जेवले का तुमी?"

"जेवतो."

"कल फोन पर भी आपने यही बोला था." करिष्मानं झाडाकडे पाहिलं. मग ती गॅसकडे वळली आणि भाजी गरम करू लागली.

पेन्सिल त्याच्या हातात होती. हातांना सवय होती, हातांनी आपलं काम केलं. कार्ड मिटून त्यानं ते पिशवीत घातलं.

आठवडाभर कार्ड शॉपमध्ये फिरलं. लेथवाले, क्रेनवाले, स्टोअरचे, सगळ्यांनी अंगठे लावले. रिवाजाप्रमाणे ज्याचं कार्ड त्यानं ते तेवढे दिवस बघायचं नसतं, म्हणून या वेळी शेपटं ओढायचं काम शामसुंदरकडे आलं. त्याची पानं काही पिंपळासारखी झाली नाहीत, पण झाड भरलं. आणि भरताना प्रत्येकाला खालच्या फांदीवरचा तो गोल दिसला. कोणी तिथं अंगठा लावला नाही. कोणी रबरानं खोडला नाही. भैयालालला जाऊन सांगायचं तरी काय आणि कोणी?

निरोपाच्या दिवशी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एक उचलावी, हे कोणाला वेळेवर सुचलं नाही. भैयालाल हार घालून बसला, शेजारची खुर्ची रिकामी, तिच्यावर कोणीतरी घाईनं शालीचा डबा ठेवून दिला. करिष्मा पहिल्या रांगेत होती. साहेब नवे, महिन्याभरापूर्वीच बदलून आलेले. माणूस वाईट नव्हता. रिवाज त्यांनी कौतुकानं विचारून घेतला होता, बाकीचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. माइकवर ते मोठ्यानं म्हणाले, "और अब, जिस पल का सबको इंतज़ार है! भाभीजी कहाँ हैं? आइए, अपना अंगूठा लगाइए."

शामसुंदरनं मान खाली घातली. कार्ड भैयालालच्या मांडीवर उघडं होतं. त्यानं तो गोल आत्ता पाहिला. पेन्सिलीचा, नेहमीच्या जागी, नेहमीएवढा. आपणच काढलाय, हे त्याला ओळखू आलं.

करिष्मा उठून पुढे आली. "बाबा, मी लावू का?" ती हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"नाही," भैयालाल म्हणाला. "तुया नाही." मग साहेबांकडे वळून त्यानं सांगितलं, "वो नहीं रही, साहब." साहेबांचा चेहरा उतरला, ते माफी मागू लागले. भैयालालनंच त्यांना खुणेनं बसायला सांगितलं. टाळ्या कुठं वाजवायच्या, हे न कळून लोकांनी त्या वाजवल्याच नाहीत. मग समोसे वाटले.

दुपारी बापलेक घरी आले. करिष्मानं कार्ड शोकेसवर उभं केलं.

"बाबा, मी लावला असता तं काय झालं असतं? तेवढी जागा खाली राहिली न. चांगलं नाही दिसून राहिलं."

भैयालाल हातपाय धुऊन आला होता. त्यानं कार्ड उचललं, टेबलावर ठेवलं, ड्रॉवरमधून बारीक पेन काढलं आणि चष्मा लावला.

"खाली नाही ते," तो म्हणाला. "लावला तिनं. तिचा उठतच नव्हता कुठं."

गोलात रंग नव्हता. त्या कोऱ्या जागेत त्यानं मधली शीर ओढली, मग एकेक करून बाजूच्या शिरा आणि शेवटी लांब शेपूट. करिष्मा तोंडाला ओढणी लावून आतल्या खोलीत गेली. भैयालालला रडू आलं नाही. शाई वाळावी म्हणून त्यानं पानावर हलकी फुंकर घातली.

मग तो उठला, त्यानं खोबरेलाची बाटली काढली, चिंधीवर तेलाचे थेंब टाकले आणि स्वयंपाकघराकडे वळून दुसरा हात पुढे केला, तिचा हात धरायला.

हात तसाच पुढे राहिला. थोड्या वेळानं त्यानं तो मागे घेतला आणि तो त्या चिंधीनं टेबल पुसायला लागला.