पदीबाईनं अडवलेलं पाणी

वैशाखाचं ऊन मिठागरांवर उतरलं होतं. शुभ्रधवल, निर्दय, डोळे दिपवणारं ऊन. खाडीकाठी मिठाचे ढीग, ढिगांवर लखलखाट, आणि लखलखाटापलीकडे, आरोग्य केंद्राच्या लोखंडी खाटेवर हसुराम. शुष्कोष्ठ, क्षीणकाय, भेगाळल्या वाफ्यासारखा.

दोन दिवस जुलाब होते. दोन दिवस बायकोनं, पदीबाईनं, त्याला घोटभर पाणी दिलं नव्हतं. जन्मभर मिठागरात तिनं हेच तर केलं: खाडीची उघाडी, पाणी आत घ्यायचं दार, बंद करायची, की आत येणारं पाणी थांबतं, वाफा सुकतो, मीठ पिकतं. तशीच, जुलाब थांबावेत म्हणून, तिनं नवऱ्याची उघाडी बंद केली. मायेनं केली, हे वाईट.

लोचन सिस्टर शीर शोधत होती. त्या श्यामल, कृश हातातल्या नीलवाहिन्या रुसून खोल गेलेल्या. एकदा टोचलं, नाही. दुसऱ्यांदा, नाही. तिसऱ्यांदा सुईच्या मुळाशी रक्ताचा माणिकबिंदू उमलला, आणि बाटलीतून थेंब निघाला. मग थेंब. मग थेंब.

"काय असतं गो यात?" खाटेशी उभ्या पदीबाईनं विचारलं.

"मीठ-पाणी."

पहिली बाटली सरली, तेव्हा तळाचा थेंब पदीबाईनं बोटावर घेतला, जिभेला लावला.

"फिकं हाय. याचं मीठ पिकायला दिवाळी उजाडंल."

"मीठ नाही पिकवायचं, मावशी. माणूस ओला करायचाय. लघवी झाली की समजा, वाचले. तोवर मला काही विचारू नका."

दुसरी बाटली चढली. स्फटिकस्वच्छ, मंदगती, अथक थेंब. थेंबामागून थेंब त्या तापदग्ध देहात उतरत राहिले. माझ्याच हातांनी सुकवला, असं पदीबाई भिंतीला सांगत होती. मध्येच वाकून कानाशी विचारत होती, "अवो, लागली का?"

ऊन कललं. तिसरी बाटली अर्ध्यावर आली. खोल गेलेले डोळे हळूच उघडले.

"कितींदा इचारशील गो?" आणि मग, लाजून, "पॉट दे."

चादरीखाली एक बारीक, अडखळती, मंजुळ धार वाजली.

पदीबाईनं तो पॉट दोन्ही हातांत धरला. व्हरांड्यातल्या बाकावरच्या माणसांनी पाय आवरून घेतले. पदर ढळला, तो तिनं ढळू दिला. आणि तिरप्या, केशरी उन्हातून ती चालली, सावकाश, जपत, मिरवत, एक थेंब न सांडता, सिस्टरला दाखवायला.