लिलीचे कांदे

चैत्रात फुलणाऱ्या लिलीचे कंद नव्या वाफ्यात लावायचे म्हणून नम्रताने पडवीत सुपात सुकत ठेवले होते. दुपारी ती शाळेत शिकवून घरी आली, तर सुपात एकच कंद उरलेला आणि तिची चार वर्षांची ओवी ओकून ओकून गळून गेलेली.

"आई, सुपातले कांदे खंय गेले?"

"आमटीत घातलंय. कडू लागली, म्हणान गूळ वाढवलंय," सासूबाई म्हणाल्या.

तो कंद विषारी असतो. नम्रताने उरलेला कंद डॉक्टरांना दाखवायला घेतला आणि तिघी रिक्षाने दवाखान्यात पोचल्या. सलाईन लावलेल्या ओवीचा थंड पाय धरून ती बसून राहिली. संध्याकाळी ओवीने पाणी मागितलं.

बाहेर बाकावर सासूबाई पोट दाबून बसल्या होत्या.

"तुमीय खाल्लात?"

"आधी चेडवाक, ओवीक बरा वाटांदे."

नम्रताने त्यांना धरून आत नेलं.