आरशावरची वाफ

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण माझ्यात बघून कोणी भांग पाडत नाही. नाण्याएवढं तोंड आणि लांब दांडा असलेला मी, मोठ्या रुग्णालयातल्या दातांच्या डॉक्टरबाईंचा आरसा. कारखान्यात मला लखलखीत केलं, तेव्हा वाटलं होतं, आता सुंदर चेहरे बघायचे. नशिबी आल्या किडक्या दाढा! वर रोग्याच्या श्वासाने माझ्यावर वाफ धरायची. "झाला बघा ढगाळ!" म्हणत बाई मला रोग्याच्याच गालाला आतून पुसायच्या. रोज बोलणी खाऊन मला त्या वाफेचा रागच यायचा.

एका दुपारी शिंपीकाकांना त्यांची बायको घेऊन आली. गळ्यापर्यंत सूज, तोंडातून लाळ, बोलणं बंद. दाताने दोरा तोडायची काकांची जन्माची सवय. त्यात दाढेचा टवका उडाला, ती किडली आणि काकांनी दुखणं अंगावर काढलं.

"इस्त्रीवर फडकं गरम करून शेकत होते," काकू म्हणाल्या. "काल ठणका थांबला. म्हटलं, उतार पडला!"

"ठणका थांबला, पण पू गळ्याकडे उतरला," बाई म्हणाल्या. "काका, आडवे होऊ नका, बसूनच राहा."

काकांची दातखीळ बसली होती. फटीतून मला दिसलं आणि मी हादरलो. खालच्या सुजेने जीभ उचलली जाऊन टाळूला टेकली होती. श्वासाची वाट बुजत चालली होती. माझ्यावर वाफ धरली ती जेमतेम.

"आधी दाढ काढणार ना?" काकूंनी विचारलं.

"आधी श्वास. दाढ कुठे पळून जात नाही!"

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी काका जागे असतानाच नाकातून बारीक नळी श्वासनलिकेत सरकवली. मग भूल दिली. बाईंनी जबड्याखाली छेद देऊन पू वाहता केला, दाढ काढली. शिरेतून औषधं चालू झाली. ट्रेमध्ये पडल्या पडल्या मी थक्क होऊन बघत होतो. गुंडीएवढ्या दाढेने धडधाकट माणसाचा श्वास कोंडावा, आणि माणसांच्याच हातांनी तो सोडवून आणावा!

काही दिवसांनी नळी निघाली. काकांनी हळूहळू तोंड उघडलं. मी आत गेलो आणि क्षणात पांढरा झालो.

"झाला बघा ढगाळ!" बाई म्हणाल्या, पण मला पुसलं नाही, काकूंसमोर धरलं. काकूंना रडू फुटलं.

"मशीनपाशी... छोटी कात्री ठेव," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "दोऱ्यासाठी."

मित्रांनो, गाल सुजला तर शेकत बसू नका. ठणका थांबला म्हणून हुरळू नका, दवाखाना गाठा. मला खुशाल ढगाळ करा. त्या वाफेचा मला आता राग येत नाही.